सॅबाइन कन्यांचें हरण आणि चित्रकार पुसँ

जगांतील बहुतेक प्राचीन नगरांना आपल्या जन्माची एक कथा असते. ती सांगतांना लोक सहसा पूर्वजांचे गुण वाढवितात आणि त्यांचे दोष झांकून ठेवितात. रोम नगराच्या जन्मकथेंतहि देव आहेत, शकुन आहेत, पराक्रम आहे. परंतु तिच्यांत आणखीहि कांहीं आहे. ज्या पुरुषाच्या नांवावरून नगराला नांव मिळालें त्यानें नगराचा तट उभारतांनाच आपल्या सख्ख्या भावाचा वध केला. आणि त्या नगरांत पहिले संसार थाटले गेले ते उत्सवाला बोलाविलेल्या पाहुण्यांच्या मुली बळजबरीनें पळवून. हें रोमच्या शत्रूंनीं रचलेलें कुभांड नव्हे. रोमन लोकांनींच तें आपल्या मुलाबाळांस शिकविलें व आपल्या इतिहासग्रंथांत लिहून ठेविलें.

या दुसऱ्या प्रसंगानें सतराव्या शतकांतील एका थोर चित्रकाराच्या मनाला बराच काळ घेरलें होतें. त्याचें नांव निकोला पुसँ. त्यानें या विषयावर दोन मोठीं तैलचित्रें रंगविलीं, आणि त्यांच्या आधीं व मध्यंतरीं कागदावर लेखणी व शाई घेऊन तोच प्रसंग पुनःपुन्हां आंखून पाहिला. यांपैकीं शाईचीं जीं रेखाचित्रें शिल्लक राहिलीं आहेत तीं इंग्लंडांत विंडसरच्या राजसंग्रहांत व चॅट्सवर्थ येथील संग्रहांत आणि इटलींत फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पुरें झालेलें तैलचित्र आपणांस चित्रकाराचा अखेरचा निर्णय सांगतें. शाईचें रेखाचित्र त्याचा विचार चालू असतांनाच आपणांस त्याच्या शेजारीं बसवितें. म्हणून या लेखांत या रेखाचित्रांकडे कसें पाहावें, आणि त्यांच्या द्वारें एका जुन्या कथेचा विचार कसा करावा, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कथा पाहूं. आल्बा येथील राजा न्यूमिटर यास त्याचा भाऊ अम्यूलियस यानें पदच्युत केलें, आणि पुढें वंश वाढूं नये म्हणून न्यूमिटरची कन्या रिया सिल्व्हिया हिला व्हेस्टा देवीच्या आजन्म कुमारिका-सेविकांमध्यें घातलें. तरीहि तिला जुळे पुत्र झाले. मार्स हा युद्धदेव त्यांचा पिता, असें ती सांगे. अम्यूलियसच्या आज्ञेनें तीं बालकें टायबर नदीच्या पुरांत सोडण्यांत आलीं. पण पाणी ओसरलें, पाटी कांठाला लागली, एका लांडगीनें त्यांस दूध पाजलें आणि फॉस्ट्युलस नांवाच्या गुराख्यानें त्यांस घरीं नेऊन वाढविलें. तेच रोम्युलस व रीमस. मोठे झाल्यावर त्यांनीं आजोबास राज्य परत मिळवून दिलें आणि आपण जेथें वांचलों तेथेंच नवें नगर वसवावें असें ठरविलें. राजा कोणीं व्हावें यावरून तंटा झाला. नव्या तटावरून रीमसनें उपहासानें उडी मारली आणि तो मारला गेला. रोमन लोक नगराच्या स्थापनेचें वर्ष इ. स. पूर्व ७५३ हें मानीत, आणि २१ एप्रिल हा त्याचा वाढदिवस म्हणून पाळीत.

आतां नगर झालें, पण नागरिक कोठून आणावयाचे? रोम्युलसनें कॅपिटोलाइन टेकडीवर एक आश्रयस्थान उघडलें. दास असो, ऋणको असो, परागंदा झालेला असो, जो येईल त्यास तेथें थारा मिळे. अशा रीतीनें पुरुष पुष्कळ जमले. पण स्त्रिया नव्हत्या, आणि स्त्रियांवांचून तें नगर एका पिढीचेंच ठरलें असतें. रोम्युलसनें भोंवतालच्या गांवांकडे वकील पाठवून सोयरीक मागितली. सर्वांनीं नकार दिला. कित्येकांनीं तर, पुरुषांसाठीं जसें आश्रयस्थान उघडलें तसें स्त्रियांसाठींहि उघडा म्हणजे तुमच्या तोलाच्या बायका मिळतील, असा टोमणा मारला. तेव्हां रोम्युलसनें राग गिळला, कॉन्सुआलिया नांवाचा उत्सव व खेळ मांडले, आणि शेजाऱ्यांना आग्रहाचें आमंत्रण केलें. नवें नगर पाहण्याच्या कौतुकानें लोक आले. त्यांत सॅबाइन लोक बायकामुलांसह आले होते. त्यांस घरोघरीं उतरवून घेतलें, नगर दाखविलें. खेळ रंगांत आले असतां ठरलेली खूण झाली आणि रोमन तरुणांनीं धांवत जाऊन कुमारिकांस उचलून नेलें. आईबाप आतिथ्यधर्माचा भंग झाला म्हणून आक्रोश करीत पळाले.

आपल्या भाषेंत 'हरण' म्हटलें कीं रुक्मिणीहरण आठवतें. तेथें वधूनेंच निरोप धाडलेला असतो. येथें तसें कांहीं नाहीं. या मुलींची इच्छा कोणीं विचारली नव्हती, आणि त्या पाहुण्या होत्या. हा भेद मनांत ठेवूनच पुढील चित्र पाहिलें पाहिजे.

कथेचा उत्तरार्ध असा. अपमानित शेजाऱ्यांनीं युद्ध पुकारलें. सर्वांत शेवटीं व सर्वांत जोरानें सॅबाइन लोक आले. त्यांचा राजा टायटस टेटियस यानें टार्पिया नांवाच्या मुलीच्या फितुरीनें कॅपिटोलाइनचा गड घेतला. दोन टेकड्यांमधील ज्या सखल जागीं पुढें रोमचा सुप्रसिद्ध फोरम झाला, तेथें घनघोर लढाई जुंपली. तेव्हां त्या पळविलेल्या स्त्रिया, केंस मोकळे सोडून, कित्येक आपलीं तान्हीं मुलें घेऊन, उडत्या बाणांमध्यें शिरल्या. एका बाजूला त्यांचे बाप व भाऊ, दुसऱ्या बाजूला त्यांच्या मुलांचे बाप. हें युद्ध आमच्यामुळें आहे, तर तुमचा राग आमच्यावर काढा. पोरकें किंवा विधवा होऊन जगण्यापेक्षां आम्हांस मरण बरें, असें त्यांनीं विनविलें. दोन्ही सैन्यें स्तब्ध झालीं. तह झाला, दोन्ही लोक एक झाले, आणि टेटियस व रोम्युलस मिळून राज्य करूं लागले. नगराचे तीस विभाग पाडले गेले व त्यांस या स्त्रियांचीं नांवें दिलीं, असें इतिहासकार लिव्ही सांगतो. प्लूटार्क आणखी सांगतो कीं, या स्त्रियांस पतिगृहीं सूत कातण्याखेरीज दुसरें कष्टाचें काम सांगूं नये, अशी अटहि तहांत होती.

हें सर्व खरोखर घडलें काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमीं विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. लिव्हीचा जन्म इ. स. पूर्व ५९ चा. म्हणजे तो या घटनांनंतर जवळजवळ सातशें वर्षांनीं लिहीत होता. आणि नगराच्या स्थापनेपूर्वींच्या व स्थापनेच्या वेळच्या गोष्टी इतिहासापेक्षां काव्याला अधिक शोभणाऱ्या आहेत, हें त्यानें आपल्या ग्रंथाच्या आरंभींच मोकळेपणीं म्हटलें आहे. पळविलेल्या मुली किती, याविषयींहि प्राचीनांचें एकमत नव्हतें. प्लूटार्कनें तीन आंकडे दिले आहेत : कोणी ३० म्हणत, कोणी ५२७ आणि कोणी ६८३. ज्या गोष्टीची संख्या तीसपासून पावणेसातशेंपर्यंत हेलकावे खाते ती दप्तरांतून आलेली नव्हे, लोकांच्या तोंडून आलेली आहे, हें उघड आहे. दुसऱ्या बाजूस, पॅलाटाइन टेकडीवर १९४८ सालीं झालेल्या उत्खननांत लोहयुगांतील झोंपड्यांच्या खांबांचे खळगे खडकांत सांपडले. तेव्हां इतकें म्हणतां येतें कीं, त्या टेकडीवर प्राचीन काळीं साधी वस्ती होती, आणि लॅटिन व सॅबाइन अशा भिन्न लोकांच्या मिसळण्यांतून रोम वाढलें ही आठवण कथेनें जपली. रोम्युलस, त्याची खूण आणि तो उत्सव हें कथेचें धन आहे. परंतु जी कथा एखादें राष्ट्र शतकानुशतकें स्वतःविषयीं सांगतें, ती घडलेली नसली तरी त्या राष्ट्राचें अंतरंग दाखवितेच.

आतां चित्रकाराकडे वळूं. निकोला पुसँ याचा जन्म १५९४ सालीं फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांत लेझांदली या गांवाजवळ झाला. तरुणपणीं तो पॅरिसला गेला. तेथें इटालियन कवि मारिनो यानें त्याचें कसब ओळखून त्याच्याकडून प्राचीन कथांवर शाईचीं रेखाचित्रें काढून घेतलीं. त्यांतील बरींच आज विंडसर येथें आहेत. १६२४ सालीं तो रोमला पोहोंचला. आरंभीचीं वर्षें हालाचीं गेलीं. तो आजारी पडला असतां त्या नगरांत राहणाऱ्या एका फ्रेंच आचाऱ्याच्या कुटुंबानें त्याची शुश्रूषा केली, आणि १६३० सालीं त्याच घरची मुलगी ॲन-मारी हिच्याशीं त्यानें विवाह केला. फ्रान्सचा राजा तेरावा लुई यानें १६४० सालीं त्यास पॅरिसला नेऊन आपला मुख्य चित्रकार केलें. पण दरबारचें काम त्यास मानवलें नाहीं. दोन वर्षांत तो रोमला परतला आणि १९ नोव्हेंबर १६६५ रोजीं तेथेंच वारला. उतारवयांत त्याचे हात कांपूं लागले. त्या काळच्या रेखाचित्रांत रेषा थरथरलेली दिसते, तरी त्यानें लेखणी खालीं ठेविली नाहीं.

ज्या काळांत तो वावरला त्या काळच्या कलेस 'बरोक' असें नांव आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटीं रोममध्यें उदयास आलेल्या या कलेंत गति, आवेश, छायाप्रकाशाचा तीव्र विरोध आणि पाहणाऱ्याच्या मनाला एकदम हालवून सोडण्याची इच्छा हीं प्रधान असतात. सॅबाइन कन्यांचें हरण हा विषय अशा कलेला फार मानवणारा होता. पिएत्रो द कोर्तोना या रोममधील चित्रकारानें सुमारें १६३० च्या सुमारास याच विषयाचें एक मोठें चित्र काढलें. त्यांत वस्त्रें फडफडतात, देह वळसे घेतात आणि सारें चित्र वादळासारखें पुढें येतें. फ्लँडर्सचा रूबेन्स यानेंहि हा प्रसंग रंगविला, व त्यांतील स्त्रियांना आपल्याच काळचीं रेशमी वस्त्रें नेसविलीं. पुसँ याच युगाचा, पण त्याची वृत्ति निराळी. आवेश त्यालाहि हवा होता, परंतु तो मोजून मापून, प्राचीन शिल्पांच्या शिस्तींत बसविलेला हवा होता. या दोन ओढींचें भांडण त्याच्या कागदावर स्पष्ट दिसतें.

त्याचें साहित्य अगदीं साधें होतें : कागद, पिसाची लेखणी, शाई, पाणी व कुंचला. त्या काळीं युरोपांत मुख्यतः दोन प्रकारच्या शाया चालत. एक मायफळाच्या अर्कांत हिराकस घालून केलेली. ती लिहितांना काळी असते व कालांतरानें तपकिरी पडते. दुसरी लांकडाच्या धुराच्या काजळीपासून केलेली, मूळचीच तपकिरी. आपल्याकडे पोथ्या लिहिणारे बोरूच्या लेखणीनें व दिव्याच्या काजळाच्या शाईनें लिहीत, हें पुष्कळांस ठाऊक आहे. तेव्हां हीं साधनें आपणांस अगदींच अपरिचित नाहींत. पिसाची लेखणी दाबली कीं रेषा जाड होते, उचलली कीं बारीक होते. लेखणीनें आकृति आंखून झाल्यावर चित्रकार शाई पाण्यांत कालवून कुंचल्यानें छायेच्या जागीं तिचा पातळ हात देतो. जेथें कांहींच लावलें नाहीं, तेथें कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश होतो.

शाईचा एक गुण असा कीं ती पुसतां येत नाहीं. खडूची रेघ भाकरीच्या गोळ्यानें काढून टाकतां येते. शाईची रेघ चुकली तर तिच्याशेजारीं दुसरी ओढावी लागते आणि दोन्ही तशाच राहतात. म्हणून अशा रेखाचित्रांत एखाद्या हाताच्या दोन दोन कडा दिसतात, कोठें एकच पाय दोन जागीं टेकलेला दिसतो. त्यांस दोष म्हणूं नये. चित्रकारानें एक मार्ग घेऊन पाहिला व दुसरा पत्करला, याची ती खूण आहे. शाळेंतील वहींत खोडून लिहिलेलें गणित पाहून शिक्षकाला जसें मुलाचें डोकें कोठें अडलें हें कळतें, तसेंच येथेंहि होतें.

पुसँचीं हीं रेखाचित्रें पाहूं लागलों म्हणजे प्रथम मन गोंधळतें. चेहरे जवळजवळ नाहींतच. एक लंबगोल, त्यांत दोनतीन ठिपके, एवढ्यावर मस्तक संपतें. बोटें नाहींत, दागिने नाहींत, वस्त्राची वीण नाहीं. परंतु थोडा वेळ थांबून पाहिलें कीं उमगतें कीं, येथें चेहऱ्याचें काम देह करीत आहेत. वर फेंकलेले हात, मागें झुकलेली पाठ, रोवलेला पाय, उचललेल्या स्त्रीच्या देहाचा भार एका बाजूस कलंडलेला. कोण ओढतो आहे, कोण ओढली जात आहे, कोण आडवें पडून विनवीत आहे, हें एका नजरेंत कळतें. पुसँची अशी धारणा होती कीं, चित्रांतील माणसाचें मन त्याच्या अंगविक्षेपावरून वाचतां आलें पाहिजे, जसा शब्द अक्षरांवरून वाचतां येतो. चेहरे मागाहून येतील. आधीं वाक्य बरोबर जुळलें पाहिजे.

त्यानंतर कुंचल्याचा हात पाहावा. दाट शाईचे मोठे डाग त्यानें गर्दींत ठिकठिकाणीं टाकले आहेत. त्यांच्यामुळें ती गर्दी गटागटांत वांटली जाते. एक जोडी उजेडांत येते, तिच्यामागची काळोखांत जाते, पुन्हां एक उजेडांत. असें झालें नसतें तर वीसपंचवीस माणसांची ती झुंबड नुसता गुंता झाली असती. पुसँच्या या सवयीमागें एक गंमतीची युक्ति होती, आणि ती त्याच्या ओळखीच्या लेखकांनीं नमूद करून ठेविली आहे. तो मेणाच्या लहान लहान बाहुल्या करी, त्यांस पातळ कापडाचीं वस्त्रें नेसवी, चौकटी आंखलेल्या फळीवर त्या मांडी, आणि फळी एका पेटींत ठेवून पेटीच्या भोंकांतून हवा तसा उजेड आंत घेई. मग बाहुल्या सरकवून, उजेड बदलून तो पुनःपुन्हां रेखाटी. म्हणजे कागदावर जी घाई दिसते तिच्यामागें अतिशय धीमें व चिकाटीचें काम होतें.

या तयारींतून जीं दोन तैलचित्रें निर्माण झालीं त्यांतील एक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत आहे. तें बहुधा १६३३-३४ चें असून त्या वेळीं रोममध्यें असलेल्या फ्रेंच वकिलाच्या संग्रहीं होतें; संग्रहालयानें तें १९४६ सालीं घेतलें. दुसरें पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयांत आहे. तें कांहीं वर्षांनंतरचें असून कार्डिनल ओमोदेई यांच्यासाठीं काढलेलें होतें. दोहोंची मांडणी निराळी आहे, पण मुख्य कल्पना एकच. डाव्या बाजूस उंचावर, देवळाच्या खांबांपुढें, रोम्युलस उभा आहे. न्यूयॉर्कच्या चित्रांत त्यानें आपल्या तांबड्या झग्याचें टोंक हातानें उचललें आहे. हीच ती ठरलेली खूण. प्लूटार्कनें तिचें वर्णन केलें आहे, आणि पुसँनें तें वाचलें होतें हें यावरून दिसतें. खालीं सारें मैदान आक्रोशानें भरलें आहे. उजवीकडे पिवळें चिलखत घातलेला एक रोमन एका तरुणीला धरून ओढीत आहे व तिचा म्हातारा बाप तिला सोडविण्यास धडपडत आहे. डावीकडे दुसरा एक पुरुष एका स्त्रीला हवेंत उचलून नेत आहे. आणि पुढें, पाहणाऱ्याच्या अगदीं जवळ, जमिनीवर एक वृद्ध स्त्री व तान्हीं बालकें आहेत.

यांतील पुष्कळ आकृति पुसँनें रोममधील प्राचीन व अर्वाचीन शिल्पांवरून बेतल्या. उजवीकडील जोडींत, पत्नीला मारून स्वतःस मारून घेणाऱ्या गॉल वीराच्या प्रसिद्ध प्राचीन शिल्पाची छाया आहे. उचललेल्या स्त्रीच्या आकृतींत शिल्पकार जांबोलोन्या यानें फ्लॉरेन्समध्यें याच विषयावर घडविलेल्या संगमरवरी समूहाची आठवण आहे. जित गॉलांची ती मूर्ति पाहणाऱ्याला पराजिताचें दुःख दाखवीत असे. तीच मुद्रा त्यानें येथें विजयी रोमनाच्या हातीं सांपडलेल्या मुलीच्या जोडीस दिली. विद्वान पाहणाऱ्यास ही खूण पटत असेल. न पटली तरी डोळ्यांस वेदना कळतेच.

आतां खरा प्रश्न. या कथेविषयीं पुसँचें मत काय? त्यानें रोम्युलसला दुष्ट दाखविलेलें नाहीं. तो शांत आहे, भव्य आहे, एखाद्या पुतळ्यासारखा स्थिर आहे. कित्येक टीकाकार म्हणतात कीं, राष्ट्राच्या भवितव्यासाठीं केलेलें आवश्यक कृत्य म्हणूनच चित्रकार त्याकडे पाहतो. परंतु रेखाचित्रें व चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं कीं मला दुसरी एक गोष्ट अधिक ठळक वाटते. राजाची जागा त्यानें उंच पण दूर ठेविली. जवळची जागा त्यानें रडणाऱ्यांस दिली. झग्याचें टोंक उचलण्यास कांहींच श्रम पडत नाहींत. त्या एका हलक्या हालचालीनें खालीं शंभर घरें मोडतात. वर शांति व खालीं आकांत, आणि त्या दोहोंमध्यें एवढेंच वस्त्र. राज्यकर्त्याच्या हाताविषयीं याहून गंभीर उद्गार चित्रकलेंत क्वचितच निघाला असेल. आणि पुसँनें तो एक शब्दहि न बोलतां, केवळ माणसांच्या जागा ठरवून काढला आहे.

हा प्रश्न पुसँच्या पुष्कळ आधीं एका ख्रिस्ती पुरुषानें उघड शब्दांत विचारला होता. इ. स. ४१० मध्यें गॉथ लोकांनीं रोम लुटलें. जुन्या देवांना सोडल्यामुळें हा घाला आला, असें अनेक रोमन म्हणूं लागले. त्यांस उत्तर म्हणून संत ऑगस्टिन यानें 'देवाचें नगर' हा आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यांत तो या सॅबाइन कन्यांची गोष्ट काढून विचारतो कीं, उत्सवाच्या मिषानें बोलावून पाहुण्यांच्या मुली पळविणें हाच काय तो रोमचा प्राचीन न्याय? शेजाऱ्यांनीं मुली नाकारल्या म्हणून उघड युद्ध केलें असतें तर तें एक वेळ अधिक न्याय्य झालें असतें. पण हें तर कपट. पुढें तो रोम्युलस व काईन यांची तुलना करितो. उत्पत्तीच्या पुस्तकांत पहिलें नगर बांधणारा काईन हा आपल्या भावाचा घातकी होता; रोमचा संस्थापकहि तसाच. फरक इतकाच कीं, हाबेल नीतिमान होता, आणि रोम्युलस व रीमस या दोघांनाहि एकच ऐहिक वैभव हवें होतें. जें वैभव वांटून घेतल्यानें कमी होतें त्यासाठीं भाऊ भावाला जगूं देत नाहीं.

परंतु ऑगस्टिनच्या या वाक्यांचा उपयोग करून इतर लोकांच्या कथांना नांवें ठेवणें आणि आपण निराळे म्हणून समाधान मानणें हें योग्य नव्हे. आपल्या पवित्र शास्त्रांत शास्त्यांच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय उघडून पाहावा. बन्यामीन वंशाच्या उरलेल्या पुरुषांस बायका नव्हत्या. तेव्हां शिलो येथील वार्षिक सणांत नाचावयास आलेल्या मुलींना द्राक्षमळ्यांत दडून बसून त्यांनीं धरून नेलें, आणि इस्राएलाच्या वडील मंडळींनींच त्यांस ही युक्ति सुचविली. सॅबाइन कन्यांची व शिलोच्या कन्यांची गोष्ट इतकी सारखी आहे कीं मन थबकतें. शास्त्रकर्ता तेथें कसलीहि सारवासारव करीत नाहीं. त्या काळीं राजा नव्हता व ज्याला जें बरें दिसे तें तो करी, एवढेंच सांगून तो पुस्तक मिटतो. रोमन इतिहासकारानें व शास्त्यांच्या लेखकानें जी गोष्ट एकत्र केली ती ही, कीं त्यांनीं आपल्याच पूर्वजांचा अपराध वंशजांपासून लपविला नाहीं.

येथें एका दुसऱ्या चित्राचा उल्लेख केला पाहिजे. फ्रेंच राज्यक्रांतींत जाक-लुई दाव्हिद हा चित्रकार १७९४ सालीं तुरुंगांत पडला. तेथें त्याच्या मनांत याच कथेचें चित्र काढण्याचें आलें. मात्र त्यानें निवडला तो उत्तरार्ध. देशबांधवांनीं एकमेकांचें रक्त सांडलेलें त्यानें पाहिलें होतें, व त्यांत तो स्वतःहि सामील होता. १७९९ सालीं पुऱ्या झालेल्या त्याच्या चित्रांत हर्सिलिया पांढऱ्या वस्त्रांत, दोन्ही हात पसरून, रोम्युलस व टेटियस यांच्यामध्यें उभी आहे. पुसँच्या चित्रांत जिला कोणी विचारीत नाहीं, ती येथें चित्राचें केंद्र झाली आहे. दोन्ही चित्रें आज लूव्हरमध्येंच आहेत, आणि दोन्ही मिळून कथा पुरी होते. बळानें नगर वसलें हें खरें. पण तें टिकलें तें बळानें नव्हे. ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांनींच मध्यें पडून क्षमेची वाट काढली, म्हणून तें टिकलें. त्या क्षमेमुळें पूर्वींचा अन्याय न्याय ठरत नाहीं. उलट तो किती मोठा होता हें तेव्हांच नीट कळतें.

विद्यार्थी मित्रांनीं यांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या असें वाटतें. पहिली चित्र पाहण्याविषयीं. शाईचें रेखाचित्र अपुरें म्हणून उलटून टाकूं नये. प्रथम सर्वांत गडद डाग कोठें आहे व सर्वांत मोकळा कागद कोठें आहे तें पाहावें. मग कोण उंच आहे, कोण जवळ आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे तें पाहावें. आणि शेवटीं चित्रकारानें कोठें दोन रेषा ओढल्या तें शोधावें. या तीन प्रश्नांनीं कोणत्याहि संग्रहालयांतील वा छापील पुस्तकांतील रेखाचित्र बोलूं लागतें. दुसरी गोष्ट कथांविषयीं. प्रत्येक देशाला, प्रत्येक नगराला, प्रत्येक कुळाला आपल्या आरंभाची कथा प्रिय असते, व ती असावीच. परंतु ती ऐकतांना उंचावर उभ्या असलेल्या पुरुषाकडेच पाहत राहूं नये. त्यानें झग्याचें टोंक उचललें तेव्हां खालीं जमिनीवर कोण होतें, हेंहि विचारावें. पुसँनें जो कागद तीनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं शाईनें भरला त्यावर हा प्रश्न अजून ताजा आहे. कारण शाईची रेघ पुसतां येत नाहीं.